कोणती पिशवी?

"आमची सून पिशवी काढून राहिली. ते कोणत्या माळ्यावर?"

भागीरथाबाईने काउंटरवर पातोड्यांचा डबा ठेवत विचारलं. काउंटरवरच्या मॅडमने कॉम्प्युटरमधून मान वर काढली नाही.

"कोणती पिशवी?"

"आता बाईले किती पिशव्या राहतात वं?"

"पेशंटचं नाव सांगा, आजी."

"सरिता मोहित सोनकुसरे. उमरेड. चौतीस वर्षं. दोन पोरी." शेवटचे दोन शब्द तिने ठाण्यात तक्रार लिहून द्यावी तसे सांगितले.

"दुसरा माळा, खोली नंबर सात. एकानंच जा. गर्दी नको."

एकानंच! ती उमरेडहून पहाटेच्या गाडीत बसली होती, सोबत नवरा चंद्रभान. गणेशपेठेच्या स्टँडपासून धंतोली हाकेच्या अंतरावर, पण विधानसभेचं हिवाळी अधिवेशन सुरू, जागोजागी पोलिसांचे कठडे, म्हणून ऑटोवाल्याने अर्धं नागपूर फिरवून आणलं. दवाखान्याच्या दारात लेक दामिनी सक्करदऱ्याहून स्कूटीवर येऊन थांबली होती, हेल्मेट काढायच्या आधीच बोलत होती. एवढं सगळं झाल्यावर एकानंच जा म्हणे. तिघंही जिना चढले.

आता ही पिशवी कुठून निघाली ते सांगतो.

मंगळवारी सरिताने फोन केला तेव्हा मोहित ड्युटीवर होता. एसटीचा कंडक्टर, उमरेड-नागपूर गाडी, पाय ठेवायला जागा नाही, आणि कोणाची तरी कोंबडी सीटखाली बांधलेली. सरिता म्हणाली, "सोनोग्राफी झाली. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. पिशवी काढा लागते." कोंबडीने नेमकी 'पित्ताच्या'पासून 'खडे'पर्यंत कलकल केली. मोहितच्या कानात उरली ती नुसती पिशवी.

आणि आमच्याकडे बाईच्या तोंडून नुसती 'पिशवी' निघाली, की ती भाजीचीही नसते आणि पित्ताचीही नसते. ती एकच असते. तिच्यावर बाई सोडून सगळ्यांचा हक्क असतो.

मोहितने आईला सांगितलं, आईने दामिनीला, दामिनीने स्वतःच्या सासूला, आणि बुधवारपर्यंत उमरेडच्या अर्ध्या गल्लीला ठाऊक झालं की सोनकुसऱ्यांची सून नागपूरला गर्भपिशवी काढायला चालली. बायकोला नेमकं कुठे दुखतं हे मोहितने विचारलं असतं तरी हे घडलं नसतं. बाई महिनाभर उजव्या बरगडीखाली हात दाबून फिरत होती. पण बायकांच्या दुखण्याचं नाव काढायचं नाही, ही त्याला लहानपणापासूनची शिकवण. शिवाय बाईची पिशवी असते तरी कुठे, हे आमच्या किती बाप्यांना ठाऊक आहे? मोहितने तोंड मिटून रजा टाकली, तोंड मिटून तिला भरती केलं, आणि रात्रभर बाकड्यावर तोंड मिटून बसला.

*

सरिता हिरवा गाऊन घालून पलंगावर बसली होती. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. सासू दारात दिसली तशी ती उठायला गेली.

"बस, बस. उठू नको," भागीरथाबाई म्हणाली. "उठायची एवढी लाज होती तं हा धंदा कराच्या आधी इचारलं असतं."

"कोणता धंदा, आत्याबाई?"

"पिशवी काढाचा! चौतीस वर्षांची बाई अन् पिशवी काढते? माही अजून आहे आपल्या जागेवर!"

"आई, हळू बोल ना वं," दामिनी म्हणाली आणि स्वतः दुप्पट आवाजात सुरू झाली. "वहिनी, आमच्या तिकडे एकीनं काढली तं वर्षभरात अशी फुगली! कंबर गेली, डोकं गेलं. अन् डॉक्टरचं काय, तो तं म्हणतेच काढा."

सरिताच्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मोहित खिडकीतून खाली पार्किंग बघत होता, जणू तिथून गाडी सुटणार आहे.

असं झालं तर! एवढी पलटण तिच्या गर्भपिशवीसाठी आली होती. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. तिने ते वाक्य जिभेवर आणलं आणि गिळलं. आधी रागाने गिळलं. चार माणसांपैकी एकानेही 'सरिता, तुले झालं काय?' असं विचारलं नव्हतं. मग दुसरी गोष्ट सुचली आणि तिने ते वाक्य जास्तच खोल ढकललं.

ती दुसरी गोष्ट उशाखालच्या फायलीत होती. सरिता गावात आशा वर्कर. अकरा वर्षांत तिने किती बायका ऑपरेशनसाठी सरकारी दवाखान्यात नेल्या याचा हिशेब नाही. आमच्याकडे 'तिचं ऑपरेशन झालं' म्हटलं की कशाचं, हे विचारावं लागत नाही. मूल होणं बंद करायचं, तेच ऑपरेशन. बायकांच्या सासवांशी ती भांडायची, नवऱ्यांना सुनवायची, "कायद्यात तुमची सही लागत नाही, भाऊ." आणि स्वतःच्या घरी? दोन पोरी, त्यानंतर दोनदा दिवस गेले, दोनदा तिसऱ्या महिन्यात पडलं. दुसऱ्या वेळी रक्त इतकं गेलं की भिंत पिवळी दिसायला लागली. तरी सासूचं पालुपद तेच, पुढच्या खेपेला पोरगा.

काल डॉक्टर पराते मॅडम म्हणाल्या होत्या, पित्ताची पिशवी दुर्बिणीने काढणार आहोत, तेव्हाच त्याच भुलीत नळ्याही बांधता येतात, स्त्रीरोगाच्या मॅडम उद्या दुपारपर्यंत इथेच आहेत. सरिताने दोन्हींवर सही केली. आज झालं तर झालं. पुन्हा एकदा नागपूर, पुन्हा भूल, पुन्हा रजा, हे तिला या जन्मात कोणी करू देणार नव्हतं. दुपारी एकचा नंबर होता. आता सव्वादहा.

पावणेतीन तास या लोकांनी भलत्या पिशवीवर भांडण केलं तर बिघडलं काय?

"बोल ना वं," भागीरथाबाई म्हणाली. "तोंडात खडे धरले काय?"

"तोंडात नाही, आत्याबाई," सरिता म्हणाली.

*

चंद्रभानला बायकांच्या खोलीत गुदमरायला झालं म्हणून तो बाहेर आला. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस, पण वरून दगड पडेल ही भीती त्याला भागीरथाच्या तोंडापुढेच वाटायची. त्याला एक सवय होती. दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची. खाणीत पाटी न वाचणारे मेले, असं तो म्हणायचा.

पाण्याच्या मशीनमागे, चाकाच्या दोन खुर्च्या टेकवून जवळजवळ झाकलेली एक पाटी होती.

"रुग्णांच्या हक्कांची सनद," त्याने वाचलं. "मोहित, इकडे ये गा. पाह्य काय लिहून राहिले. 'आजाराची, उपचाराची माहिती मिळण्याचा हक्क.' 'शस्त्रक्रियेपूर्वी माहितीपूर्ण संमती.' हे कोणी लावलं?"

"सरकारनं लावायले लावलं असंन, बाबा. नियम आला दोन-चार वर्षांआधी. सरिता सांगत होती."

"अन् लावलं तं मशीनमागं काहून?"

"लावा म्हटलं, लावलं. दिसलं पाहिजे असं थोडीच म्हटलं."

चंद्रभानने खुर्च्या ओढून बाजूला केल्या. तीन किलोमीटरवर सगळं सरकार येऊन बसलं आहे, रस्ते बंद करून कायदे करतं आहे, आणि केलेला कायदा इथे पाण्याच्या मशीनमागे. त्याला हसू आलं. मागच्या अधिवेशनात सूनही आशांच्या मोर्चात गेली होती, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर दिवसभर उन्हात बसून काळी पडून आली. तेव्हा तो म्हणाला होता, तुमचं कोण ऐकते? ती म्हणाली होती, घरी तरी कोण ऐकते, मामाजी, तिथं निदान माइक राहते.

"मोहित सोनकुसरे कोण?" जिन्यावरून हाक आली. "खाली या, सही राहिली तुमची."

खोलीतून भागीरथाबाईचा आवाज हाकेपेक्षा आधी पोचला. "सही केली तं माहं मेलेलं तोंड पाहाशील!"

मोहित जिन्यात उभा राहिला. खाली काउंटर, वर आई. गाडीत त्याने 'पुढे सरका' म्हटलं की साठ माणसं सरकायची. स्वतःला मात्र कुठे सरकावं हे कळेना. शेवटी उतरला, कारण उतरणं सोपं असतं.

काउंटरवरच्या मॅडमने कागद पुढे केला. वर सरिताची सही होती, गोल, शाळेतल्यासारखी. खाली रकाना, 'पती / पुरुष नातेवाईक'. मोहितने सवयीने कागद वरपासून वाचला. चुकीचं तिकीट फाडायची त्याला भीती वाटायची.

"मॅडम, हे 'लॅप कोली' म्हणजे?"

"दुर्बिणीने पित्ताची पिशवी काढणं."

"कायची?"

"पित्ताची. खडे आहेत ना तुमच्या मिसेसला. तुम्हाला माहीत नाही?"

मोहितने त्या बाईकडे असं पाहिलं की तिला वाटलं, हा आता काउंटरवरून उडी मारून मिठी मारतो. त्याने पुढचं काही विचारलं नाही. कागद घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाला.

*

"पित्ताची आहे! पित्ताची पिशवी! खड्याची!"

 आधी दामिनी हसायला लागली, तिला बघून चंद्रभान, आणि शेवटी भागीरथाबाईने पदर तोंडाला लावला.

"मेल्या, मग सांगतलं काय मले? आख्ख्या गल्लीत मी रडत फिरली!"

"कोंबडी होती गाडीत..."

"कोंबडीवर घालते! अन् तू वं सरिता? तू काहून बसली ऐकत?"

"तुम्ही इचारलं नाही, आत्याबाई. तुम्ही सांगत होत्या."

"बाई बाई, किती पोचलेली! दामिनी, डबा खोल. सकाळपासून पोटात काही नाही. तुले नाही वं सरिता, तुह्या पोटात आज काही जात नाही. तू फक्त पाह्य." आणि आनंदाने तिने सुनेच्या देखत पातोडीचा तुकडा तोंडात टाकला. "पित्ताची तं काढली पाहिजे बाप्पा. तिचा उपयोग तरी काय? दे काढून. पुढच्या दिवाळीपर्यंत टणटणीत झाली पाहिजे, मग पोरगाच होते पाह्य. माह्या मनात आहे."

सरिताने उशी फायलीवर दाबली.

मोहित पलंगाच्या कडेवर बसून कागद मांडीवर ठेवत होता. "मी तं घाबरलो होतो," तो बायकोला हळूच म्हणाला. मग बोट कागदावर फिरवत, "लॅप कोली, अधिक टी.एल. हे टी.एल. काय आहे?"

सरिताने कागदाकडे हात नेला.

"टाके लावणे," दामिनी म्हणाली. झटकन, पातोडी चावत. "टी म्हणजे टाके, एल म्हणजे लावणे. मी दोन महिने दवाखान्यात बसत होती ना काउंटरवर. कर सही, दादा."

"अस्सं. मग टाके तं लावाच लागते," मोहित म्हणाला.

सरिताने नणंदेकडे पाहिलं. दामिनीने पाहिलं नाही, रस्सा वाढत राहिली. सगळं इतकं सोपं झालं होतं! मोहित पेनाचं टोपण काढत होता. अजून एक मिनिट गप्प बसायचं. मग वर्षानुवर्षं सासू उपास करील, मोहित वाट पाहील, आणि पोरगा काही होणार नाही. होत नाही तर काय करणार, नशीब!

"टाके लावणे!" चंद्रभान खुर्चीत रेलून हसला. त्याचं पोट पातोडीने आणि डोकं पाटीने भरलं होतं. "नशीब, वाचून तं पाहिलं. माह्या बापानं कुठं वाचलं होतं? सन शहात्तर. मी अठरा वर्षांचा. उमरेडच्या बाजारातून बापाले उचललं अन् शाळेत नेलं. नसबंदीचा कॅम्प होता. बाबू म्हणे, धोंडबा, रेशनचा कागद आहे, आंगठा दे. यानं दिला. संध्याकाळी घरी आला तं धोतर धरून चालते अन् डोक्यावर तेलाचा डबा!"

ही गोष्ट सोनकुसऱ्यांच्या घरात प्रत्येक लग्नात सांगितली जायची. डब्याशी आल्यावर हसायचं असतं. सगळे हसले.

"मायनं त्या तेलात भजे केले," चंद्रभान म्हणाला. "आम्ही पाचही भावंडं तुटून पडलो. बापानं एक भजं तोंडात घातलं नाही." तो थांबला. ही पुढची गोष्ट लग्नात कधी सांगितली नव्हती. "त्याले पोरं पाहिजे होते असं नाही गा. पाच होतो आम्ही, सहावं आलं असतं तं तोच पळून गेला असता. पण मरेपर्यंत एकच म्हणे. 'चंद्या, मले इचारलं असतं तं मी हाव म्हटलं असतं.'"

मोहितने पेन कागदाला टेकवला.

"थांबा," सरिता म्हणाली.

आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. "सही नका करू. मामाजी, टी.एल. म्हणजे टाके नाही."

दामिनीच्या हातातला चमचा डब्यावर वाजला.

"नळ्या बांधणं आहे. पोरं बंद व्हायचं ऑपरेशन. माही सही मी काल केली, समजून केली. पण यांची अशी नको मले. तुमच्या बाबांचा आंगठा घेतला तशी."

*

भागीरथाबाईने डबा बंद केला. आता काय होणार हे त्या आवाजावरूनच सगळ्यांना कळलं.

"गावच्या बायका पुरल्या नाही, आता घरातही कॅम्प लावला? चोरून?"

"चोरून कुठं? सांगून राहिली ना."

"आता सांगून राहिली! पेन टेकल्यावर!"

"हाव, उशीर केला," सरिता म्हणाली. "भेली म्हणून उशीर केला. दोनदा मरता मरता वाचली, आत्याबाई. तुम्हीच पाय घासले होते माहे, थंडे पडले होते म्हणून. अजून एक खेप झाली तं मी राहीन काय नाही हे डॉक्टरले सांगता येत नाही. घरात दोन पोरी आहेत. त्यायले माय पाहिजे काय भाऊ पाहिजे?"

"दोन्ही पाहिजे!" भागीरथाबाई ओरडली, पण 'पाहिजे' म्हणताना तिचा आवाज फाटला.

"मले सांगतलं काहून नाही?" मोहित म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, तिकीट दिल्यावर सुट्टे परत न मिळालेल्या माणसासारखा. "मी काय नाही म्हटलं असतं?"

"तीनदा सांगतलं. पहिल्यांदा तुम्ही म्हटलं, पाहू. दुसऱ्यांदा झोपले. तिसऱ्यांदा मी म्हटलं, मग तुमचं करून घ्या, तुमचं तं चिराही न देता होते, दोन दिवसांत ड्युटीवर जाल. तं तुम्ही काय म्हटलं?"

मोहितने खिडकीकडे पाहिलं.

"सांगा ना आईले."

"म्हटलं, आमची उभं राहायची नोकरी आहे," मोहित पुटपुटला.

चंद्रभानला अशा वेळीही खोकला आला. हसू दाबलं की त्याला खोकला यायचा.

"अन् तू वं?" भागीरथाबाई लेकीकडे वळली. "टाके लावणे म्हणे! दवाखान्यात काय झाडू मारत होती?"

दामिनी उभीच होती. एवढी बोलणारी बाई, पण चमचा पुसत राहिली.

"मले माहीत होतं, आई."

"काय माहीत होतं?"

"टी.एल. काय राहते ते. माह्या कागदावरही तेच लिहिलं होतं. तीन वर्षं झाले." आणि मग, आता सुटलंच आहे तर सुटू दे अशा थाटात, "गोलू झाला तेव्हा दोन दिवस मले शुद्ध नव्हती. यांनी अन् मी ठरवलं, एकच बस. कोणाले सांगतलं नाही. तू मले दुसऱ्यासाठी दर पौर्णिमेले देवीले नेते ना, मी येतो. तुह्यासोबत तेवढंच फिरणं होते."

भागीरथाबाई पलंगावर बसली. सरिताने तिच्यासाठी पाय आवरून घेतले. तीन वर्षांच्या पौर्णिमा. छत्तीस नारळ. लेकीची झालेली नसबंदी आणि सुनेची एक वाजता होणारी, दोन्ही एकाच दिवशी कळल्या.

"म्हणजे मी एकटीच येडी," ती म्हणाली. "सगळ्यायच्या पोटाचं मलेच माहीत नाही."

"माहीत करून काय करशीन?" चंद्रभान म्हणाला. "पोट त्यायचं आहे ना."

"तुम्ही बोलू नका! तुमच्या बापाचा डबा उघडला म्हणून हे सगळं झालं!"

मोहितने कागद उलटापालटा केला. "सरिता, म्हणजे माही सही लागतच नाही?"

"नळ्यायसाठी नाही. कायद्यात नाही."

"मग मी रात्रीपासून इथं काहून बसलो?"

"माह्यासाठी बसा ना," सरिता म्हणाली. "सहीसाठी काहून बसता?"

 मोहितने पेनाला टोपण लावलं.  आणि कडेवरून सरकून तिच्या जवळ बसला.

*

साडेबाराला काउंटरवरच्या मॅडम स्वतः वर आल्या. "सोनकुसरे, सही झाली का? वर थिएटर थांबलंय."

"मॅडम, माही झाली आहे," सरिता म्हणाली.

"तुमची नाही चालत ना. मिस्टरांची लागेल. नाहीतर सासरे आहेत, त्यांची चालेल. पुरुष माणसाची पाहिजे."

"नसबंदीले नवऱ्याची सही लागत नाही. मी आशा आहो. आमच्या फॉर्मवर रकानाच नाही."

"ते सरकारीत. आमच्याकडे असंच आहे."

"सरकारी बाईचं पोट वेगळं राहते काय?" सरिता म्हणाली.

"हे पाहा, मला वाद नको. पुरुषाची सही नसेल तर आज कॅन्सल. पुढची तारीख घ्या."

 पुढची तारीख नव्हती, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मोहित उठायला लागला, पेन शोधायला. तेवढ्यात पलंगावरून भागीरथाबाई उठली.

खरं तर तिने मधे पडायचं काही कारण नव्हतं. उलट तिला जे पाहिजे होतं तेच आयतं घडत होतं. ऑपरेशन रद्द! तिने फक्त गप्प बसायचं होतं. पण गप्प बसणं हे काम तिने साठ वर्षांत कधी केलं नव्हतं, आणि 'सासऱ्यांची चालेल' हे तिच्या कानात कोळशाच्या खड्यासारखं अडकलं होतं.

"काय म्हटलं वं तू? सासऱ्याची चालते?"

"हो आजी. पुरुष..."

"याची?" तिने चंद्रभानकडे बोट केलं. "या माणसाले भाजीत मीठ आहे काय नाही हे मले इचारून सांगा लागते. हा सही करीन माह्या सुनेच्या नळ्यायवर? अन् मी नाही?"

"नियम..."

"हिचे दोन्ही बाळंतपणं मी केले. हिचं रक्त गेलं तेव्हा चादरी मी धुतल्या. माहं चालत नाही, हिचं चालत नाही, लेकीचं चालत नाही, अन् ज्यानं आयुष्यात पोटात फक्त भाकर ठेवली त्याचं चालते? मले हे ऑपरेशन पसंत नाही, आइक. जराही पसंत नाही. मी हिच्याशी भांडीन. घरी जाऊन महिनाभर भांडीन. पण ते आमचं घरचं भांडण आहे. तू कोण वं मधात मिशा पाहणारी?"

"पाटी आहे ना बाहेर," चंद्रभान मधेच म्हणाला. "मशीनमागं. वाचून दाखवू काय?"

"बोलवा डॉक्टरले!" दामिनी म्हणाली. एवढ्या वेळाने तिला तिचा आवाज सापडला होता.

डॉक्टर पराते मॅडम आल्या त्या हातमोजे काढतच. कागद पाहिला, काउंटरवरच्या मॅडमकडे पाहिलं. "हा रकाना कोणत्या काळातला आहे? मी मागेही सांगितलं होतं." आणि 'पती / पुरुष नातेवाईक' या अक्षरांवर आडवी रेघ मारली. मग खोलीकडे वळल्या. "आता सगळे बाहेर. मला पेशंटशी एकटीशी बोलायचंय."

"मीही?" मोहित म्हणाला.

"तुम्हीही."

"मी तं सासू आहो," भागीरथाबाई म्हणाली.

"म्हणूनच."

दार लागलं. डॉक्टर खुर्ची ओढून सरिताच्या समोर बसल्या. एवढ्या जवळून कोणी तिच्याशी बोललं, याला किती दिवस झाले होते!

"सरिता, खडे तर काढायचेच आहेत, त्याबद्दल प्रश्न नाही. दुसऱ्याचं विचारते. तू काल सही केलीस, आज बाहेर एवढा गोंधळ ऐकला. मत बदललं तर बदललं म्हणून सांग, कोणी रागावणार नाही. हे करून घे म्हणून कोणाचा दबाव आहे? किंवा नको म्हणून?"

हा प्रश्न सरिताला पाठ होता. अकरा वर्षं तिने तो दुसऱ्या बायकांना विचारला होता, व्हरांड्यात, विहिरीवर, बाळंतिणीच्या खाटेपाशी. बायका पदराशी चाळा करत जमिनीकडे बघायच्या आणि तिला राग यायचा, एवढं सोपं तर विचारते आहे. आता ती स्वतः गाऊनची नाडी बोटाला गुंडाळत होती.

"दबाव आहे ना, मॅडम," ती शेवटी म्हणाली. "दाराबाहेर उभा आहे सगळा."

"मग तुला काय पाहिजे?"

सरिताने तोंड उघडलं, तोच दारावर थाप पडली.

"वं सरिता!" भागीरथाबाईचा आवाज लाकडातून आरपार आला. "कोणाले भेऊ नको! डॉक्टरले नको, मोहितले नको, मलेही नको! जे मनात आहे तेच सांग!"

बाहेर थोडी कुजबुज झाली. कोणीतरी तिला ओढत असावं. मग पुन्हा थाप.

"अन् नाही म्हण!"

डॉक्टर हसू आवरायला खाली बघायला लागल्या. सरिताला आवरलं नाही. उजव्या बरगडीखाली कळ येईपर्यंत ती हसली, एका हाताने पोट धरून, दुसऱ्या हाताने डोळे पुसत.

"दोन्ही करा, मॅडम," ती म्हणाली, आणि दाराकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "दोन्ही!"